लेनवरचं तेल आणि बॉलिंगचा बॉल: कुठल्या तेलावर कुठला बॉल, कुठला सरफेस, कुठली रेषा

बॉलिंगच्या लेनवर तेल असतं आणि ते जवळजवळ दिसतच नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो. काल छान वळणारा बॉल आज सरळ निघून गेला, की खेळाडूला वाटतं हात बिघडला. मग तो मनगट पिळायला लागतो, जोर लावतो, आणि अर्ध्या तासात हात खरोखरच बिघडतो. तेल बदललंय, एवढं लक्षात आलं असतं तर दोन बोर्ड (लेनच्या लांबीभर गेलेल्या अरुंद पट्ट्या) सरकून काम झालं असतं.

या लेखातलं सगळं वर्णन उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आहे आणि बोर्ड उजवीकडून मोजले आहेत. डावखुऱ्यांनी आरशातलं चित्र समजावं. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा: डाव्या बाजूने खेळणारे थोडे असतात, त्यामुळे त्यांच्या बाजूचं तेल जास्त वेळ टिकतं.

तेल किती असतं आणि कुठपर्यंत

फाऊल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नसते ती रेषा) पहिल्या पिनेपर्यंत लेन ६० फूट लांब असते. रुंदी सुमारे साडेएक्केचाळीस इंच, आणि त्यात ३९ बोर्ड. म्हणजे एक बोर्ड इंचापेक्षा किंचित जास्त. मशीन फाऊल लाइनच्या जवळून तेल घालायला सुरुवात करतं आणि पॅटर्नप्रमाणे, म्हणजे तेल घालायच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे, कुठेतरी ३२ ते ५२ फुटांच्या दरम्यान थांबतं. नेहमीच्या पॅटर्नमध्ये ते ४० फुटांच्या आसपास असतं. तिथून पुढे पिनांपर्यंत लेन कोरडी.

एका लेनवर साधारण २० ते ३० मिलिलिटर तेल पडतं. २५ मिलिलिटर धरलं तर दोन मोठे चमचेही पुरते भरत नाहीत. ते ४० फुटांवर पसरलं, की थराची सरासरी जाडी दोन मायक्रॉनच्या आसपास येते. केस याच्या कितीतरी पट जाड असतो. पण एवढ्याशा थरामुळे घर्षणात ढोबळमानाने पाचपट फरक पडतो. बॉलचं वळणं या फरकावर चालतं.

थर सगळीकडे सारखा नसतो. मशीन जाताना तेल घालतं, परतताना पुन्हा घालतं. पुढच्या भागात तेल जास्त साचतं आणि मागे विरळ होत जातं. शेवटच्या काही फुटांवर तर नवं तेल पडतच नाही, ब्रशला उरलेलं तेवढं पसरतं. त्यामुळे कागदावर '४२ फूट' लिहिलेलं असलं तरी ४१ व्या फुटावर जाड तेल आणि ४३ व्यावर ठणठणीत कोरडं, असा काठ नसतो.

स्पर्धेत बहुतेक वेळा पॅटर्नचा कागद लावलेला असतो. त्यातले तीन आकडे आधी पाहावेत: लांबी, एकूण तेल, आणि मधल्या व कडेच्या तेलाचं गुणोत्तर. याच क्रमाने. पुष्कळ जण एकूण तेलाचा आकडा पाहून सर्वांत तगडा बॉल बाहेर काढतात. खेळायचं कुठून, हे मात्र लांबीवर ठरतं.

बॉल लेनवर काय करतो

हातातून सुटल्यापासून पिनांपर्यंत बॉलच्या तीन अवस्था असतात. आधी तो तेलावर घसरतो: पुढे जायचा वेग फिरण्याच्या वेगापेक्षा खूप जास्त असतो आणि आडव्या फिरकीला पकड मिळत नाही. तेल संपायला आलं की पकड मिळते आणि बॉल वळतो. शेवटी फिरणं आणि पुढे जाणं यांचा मेळ बसतो आणि बॉल सरळ रेषेत गडगडतो. ही तिसरी अवस्था सुरू झाली की वळण संपलं. उरलेली ताकद घेऊन तो पिनांवर आदळतो.

तिसरी अवस्था पिनांच्या थोडंसं आधी सुरू व्हावी, हे आपलं लक्ष्य. फार आधी सुरू झाली तर बॉल दम संपल्यासारखा पोचतो. झालीच नाही, तर तो पिनांमध्येही घसरतच शिरतो आणि सहज बाजूला ढकलला जातो.

पॉकेट म्हणजे पहिली आणि तिसरी पिन यांच्यामधली फट, साडेसतराव्या बोर्डाजवळ. तिथे बॉल सुमारे ६ अंशांच्या कोनातून शिरला तर स्ट्राइकची (पहिल्याच बॉलमध्ये दहाही पिना पडण्याची) शक्यता सर्वांत चांगली मानतात. हा कोन सरळ टाकून मिळतच नाही. अगदी उजव्या कडेवरून सरळ फेकलं तरी ६० फुटांत जेमतेम साडेसतरा बोर्ड, म्हणजे साडेअठरा इंच कापले जातात. कोन दीड अंशाच्या आसपास येतो. बाकीचा कोन वळणातून, म्हणजे कोरड्या भागातून, मिळवायचा. लेन ४० फूट तेलाची असेल तर त्यासाठी २० फूट मिळतात, ४५ फुटांची असेल तर १५.

वेगाचाही हिशोब इथेच येतो. सुटताना ताशी १७ मैल, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर वेग असलेला बॉल अडीच सेकंदांच्या आत-बाहेर पिनांपर्यंत पोचतो. वेग वाढवला की घसरण लांबते, फिरकी वाढवली की वळण लवकर आणि जास्त येतं. वेगवान आणि कमी फिरकीच्या हाताला तेच तेल 'जड' वाटतं, आणि संथ व भरपूर फिरकीच्या हाताला 'कोरडं'. म्हणून शेजारच्या खेळाडूचा बॉल काय करतो ते बघावं, पण त्याची रेषा जशीच्या तशी उचलू नये.

सुरुवात लांबीपासून: वजा ३१

पॅटर्नच्या लांबीतून ३१ वजा करा. जो आकडा येईल त्या बोर्डाच्या आसपास बॉल तेलाच्या शेवटी असायला हवा. ४० फुटांच्या पॅटर्नला ९ वा बोर्ड, ३६ ला ५ वा, ४५ ला १४ वा. हा अंदाज आहे, एक-दोन बोर्ड इकडे-तिकडे होतात. पण सरावाचा पहिला बॉल कुठे टाकायचा, याचं उत्तर यातून मिळतं.

यामागचं कारण साधं आहे. आखूड पॅटर्नवर वळायला भरपूर कोरडी जागा असते, म्हणून बॉल कडेला न्यावा लागतो. मधून टाकला तर तो पॉकेट ओलांडून डावीकडे जातो. लांब पॅटर्नवर कोरडा भाग थोडा उरतो. कडेला नेलेल्या बॉलला परत यायला वेळच मिळत नाही.

आता हे आकड्यांत बसवू. ४० फुटांचा पॅटर्न, लक्ष्य ९ वा बोर्ड. सरकता पाय २५ व्या बोर्डावर थांबतो आणि बॉल त्याच्या साडेसहा बोर्ड उजवीकडे टेकतो असं धरलं, तर फाऊल लाइनवर बॉल साडेअठराव्या बोर्डावर आहे. लेनवरचे बाण १२ ते १६ फुटांवर असतात आणि दर पाचव्या बोर्डावर एक असतो. तिसरा बाण १५ व्या बोर्डावर. तिथून बॉल काढला तर पहिल्या सुमारे १५ फुटांत तो साडेतीन बोर्ड उजवीकडे गेला. याच गतीने ४२ व्या फुटापर्यंत तो सुमारे ९.८ बोर्ड जाईल आणि ८.७ व्या बोर्डावर पोचेल. हवा होता ९. जमलं. बॉल पायापासून किती बोर्डांवर टेकतो, ते एकदा कोणाकडून तरी पाहून घ्या. बहुतेकांना स्वतःचा हा आकडा माहीत नसतो आणि त्याशिवाय वरचा हिशोब लागत नाही.

हाउस पॅटर्न आणि सपाट पॅटर्न

रोजच्या खेळासाठी घातलेल्या हाउस पॅटर्नमध्ये मधल्या बोर्डांवर तेल दाट आणि कडेला अगदी विरळ असतं. हे गुणोत्तर १०:१ च्या घरातही असतं. त्यामुळे चुका माफ होतात. बॉल थोडा उजवीकडे सुटला तर कोरड्या बोर्डांवर पकडून परत येतो, डावीकडे सुटला तर दाट तेल त्याला धरून ठेवतं. ८ ते १० बोर्डांच्या आसपास जिथे दाट तेल संपून विरळ सुरू होतं, तो काठ शोधायचा आणि त्याला बिलगून खेळायचं.

स्पोर्ट पॅटर्नमध्ये हे गुणोत्तर ३:१ किंवा त्याहून कमी असतं. अशा लेनला 'सपाट' म्हणतात. इथे उजवीकडे सुटलेला बॉल परत येत नाही, डावीकडे सुटलेला थांबत नाही. हाउसवर दोनशेची सरासरी असलेला खेळाडू इथे वीस-तीस पिनांनी खाली आला तर नवल नाही. त्याच्या चुका तेवढ्याच असतात, आता त्या मोजल्या जातात. सपाट तेलावर रेषा सरळ ठेवावी, बॉल कमी बोर्ड ओलांडेल असं बघावं आणि एकदम कोनात वळणारा बॉल पिशवीतच ठेवावा.

बॉल निवडताना: आधी कव्हर, मग सरफेस

कव्हर म्हणजे बॉलचं बाहेरचं कवच. प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिएस्टरचा बॉल तेल शोषत नाही आणि जवळजवळ वळत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं. ते लवकर पकडतं आणि गोलसर, सौम्य वळतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन आलं आणि खेळ बदलला. त्याच्या कव्हरला सूक्ष्म छिद्रं असतात, ती तेल पितात. तेलावर बॉल घसरतो आणि कोरड्यावर झपकन वळतो. रिॲक्टिव्हमध्येही सॉलिड लवकर पकडतं, पर्ल उशिरा आणि तीव्र वळतं, हायब्रिड दोघांच्या मधलं.

मात्र बॉलच्या वागण्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्तात बदलता येणारा भाग सरफेस आहे. ५००, १०००, २०००, ३०००, ४००० अशा आकड्यांचे पॅड मिळतात. आकडा लहान तेवढी घासणी खरखरीत, पकड लवकर. आकडा मोठा किंवा वर पॉलिश, तर बॉल जास्त घसरतो आणि वळण उशिरा येतं. इथे हमखास होणारा गैरसमज असा की खरखरीत बॉल 'जास्त वळतो'. तो *आधी* वळतो. कमी तेलावर खरखरीत बॉल ३० व्या फुटावरच ताकद खर्च करतो आणि शेवटी सरळ जातो. बघणाऱ्याला वाटतं वळला नाही, म्हणून तो आणखी घासतो. उलट करायला हवं होतं.

लांब आणि भरपूर तेलावर सॉलिड रिॲक्टिव्ह, १००० ते २००० चा सरफेस घ्यावा. पॉलिश केलेला पर्ल इथे शेवटपर्यंत घसरत राहतो. मध्यम हाउस पॅटर्नवर हायब्रिड किंवा सॉलिड ३००० च्या आसपास चालतो. एकच बॉल घ्यायचा असेल तर हाच घ्या. तेल पातळ झालं किंवा मुळातच कमी असलं, तर पॉलिश केलेला पर्ल. ३६ फूट किंवा त्याहून आखूड पॅटर्नवर युरेथेनचा विचार जरूर करावा, कारण २४ फूट कोरड्या लेनवर तीव्र वळणारा बॉल आवरत नाही, युरेथेन मात्र शहाण्यासारखं वागतं.

कोअरचं, म्हणजे बॉलच्या आतल्या गाभ्याचं, थोडक्यात. बॉलच्या माहितीत दोन आकडे असतात. आरजी म्हणजे बॉल किती सहज गडगडू लागतो, याचं माप. नियमाने ते २.४६ ते २.८० इंचांच्या दरम्यान असावं लागतं. आकडा कमी तर बॉल लवकर गडगडायला लागतो. दुसरा डिफरन्शियल, कमाल ०.०६०. तो जास्त असेल तर फिरताना बॉलचा अक्ष जास्त सरकतो आणि प्रत्येक फेरीला लेनवर नवा, कोरडा पट्टा टेकतो. जड तेलावर याचा फायदा होतो. भोकं कुठे पाडली, यावरही हे अवलंबून असतं: साध्या सममित कोअरच्या बॉलमध्ये पिनची खूण (कोअरचं टोक दाखवणारा बॉलवरचा ठिपका) फिरकीच्या अक्षबिंदूपासून ३ पूर्णांक ३/८ इंचांवर असेल तर हे सरकणं सर्वांत जास्त. पण महागडं लेआउट (भोकांची मांडणी) करून घेतलेल्या बॉलवर महिनाभराचं तेल आणि झिजलेला सरफेस असेल, तर त्या मोजमापांना काही अर्थ उरत नाही. आधी पॅड घ्या, मग ड्रिलिंगची चर्चा करा.

सरफेस हाताने कसा बदलायचा

बॉल फिरवायचं यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर हातानेही होतं. वेळ पंधरा-वीस मिनिटं.

१. बॉल आधी क्लीनरने पुसून घ्या. तेलकट बॉलवर पॅड घासला तर ते पॅडमध्ये भरतं आणि पॅड कापेनासा होतो.

२. बॉल कपवर ठेवा. त्याच्या सहा बाजू ठरवा: वर, खाली आणि चार बाजू. सुरुवात कुठून केली तिथे पेन्सिलने खूण करा.

३. पॅड पाण्याने भिजवा. प्रत्येक बाजूला ३० सेकंद, गोलाकार, सारख्या दाबाने. दाब वाढवून वेळ वाचवायला जाऊ नका, पट्टे पडतात.

४. पॉलिश केलेला बॉल २००० वर आणायचा असेल तर थेट २००० चा पॅड वापरू नका. आधी ५०० किंवा १००० ने चकाकी कापा, धुऊन घ्या, मग २००० मारा. ही पायरी गाळली तर बॉल वरवर मंद दिसतो, पण खालचा जुना सरफेस तसाच राहतो आणि लेनवर काहीच फरक पडत नाही.

५. उजेडात तिरका धरून बघा. सगळीकडे सारखी मंद छटा हवी. एखादा भाग चमकत असेल तर तिथे पुन्हा.

नवा घासलेला सरफेस टिकत नाही. लेनवर घासून घासून १००० चा बॉल काही गेममध्येच गुळगुळीत होतो, विशेषतः जिथून तो लेनला टेकतो त्या पट्ट्यात. खरखरीत सरफेसवर भरवसा असेल तर पाच-सहा गेमनंतर पुन्हा पॅड फिरवावा लागतो. अमेरिकेतल्या यूएसबीसीच्या (युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेस) नियमांनुसार सामना सुरू झाल्यावर सरफेस बदलता येत नाही, आणि ऑगस्ट २०१९ पासून सामन्यादरम्यान बॉलवर कुठलंही द्रव लावायला बंदी आहे. कोरडा टॉवेल तेवढा चालतो. म्हणून हे काम घरून करून जावं.

सरावाच्या दहा मिनिटांत लेन कशी वाचायची

पहिला बॉल वजा ३१ च्या रेषेवर, नेहमीच्या वेगाने. पिना किती पडल्या, ते बघू नका. सरावात स्ट्राइक पडली की खेळाडू विचार करणं सोडून देतो. बघायचं हे: बॉल बाणांवरून कुठून गेला, ४० ते ४५ फुटांच्या दरम्यान कुठे होता, आणि वळण कुठे संपलं. नजर बाणांवर खिळवून सोडल्यावर ती बॉलबरोबर पुढे न्यायची.

दुसरा बॉल मुद्दाम तीन बोर्ड उजवीकडे काढा, तिसरा तीन बोर्ड डावीकडे. उजवीकडचा परत आला का? डावीकडचा थांबला का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर समोर हाउससारखा पॅटर्न आहे आणि चुकांना जागा आहे. दोन्ही 'नाही' असेल तर लेन सपाट आहे, अंगावर जबाबदारी आली. उजवीकडचा आला पण डावीकडचा थांबला नाही, तर मध्ये तेल कमी आहे किंवा बॉल जास्त तगडा आहे. उलट असेल, तर कडेला तेल आहे; आत या.

मग परत आलेला बॉल पुसण्याआधी उजेडात फिरवा. त्यावर तेलाच्या बारीक रेघा दिसतात, एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या आणि दोन ठिकाणी एकत्र येणाऱ्या, पतंगाच्या गाठीसारख्या. प्रत्येक रेघ म्हणजे बॉलची लेनवरची एक फेरी. रेघा ठळक, ओल्या असतील तर तो भरपूर तेलातून आला. एरवी ठळक येणाऱ्या रेघा अर्ध्या संध्याकाळी पुसट झाल्या, तर पुढचं तेल उडालंय, आणि बॉल आज ना उद्या डावीकडे पळणार, हे तो पळायच्या आधीच कळतं. मग पुसा. प्रत्येक बॉलआधी, न चुकता.

तेल हलतं, तुम्हीही हला

प्रत्येक रिॲक्टिव्ह बॉल आपल्या पट्ट्यातलं थोडं तेल पिऊन जातो. पाच उजव्या हाताचे खेळाडू एकाच लेनवर असले तर दुसऱ्या गेमच्या सुरुवातीपर्यंत दुसऱ्या बाणाजवळचा पट्टा विरळ होतो. बॉल आधी पकडायला लागतो, पॉकेटऐवजी पहिल्या पिनेच्या तोंडावर आदळतो. युरेथेन आणि प्लास्टिक तेल पीत नाहीत, ते पुढे ओढून नेतात. लेनच्या ज्या जोडीवर कोणी युरेथेनने खेळत असेल तिथे कोरड्या भागात तेलाची पट्टी तयार होते आणि तिच्यावर आलेला बॉल वळायचा थांबतो. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं: पुढे कोरडं, मागे ओलं. तेव्हा सरकणं पुरत नाही, बॉल बदलावा लागतो, आणि तो मऊ पॉलिशचा, पुढे न अडखळणारा असावा.

बॉल डावीकडे जायला लागला की पाय डावीकडे न्यायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न असतो, नजर किती न्यायची. 'पाय दोन, नजर एक' ही पाठ झालेली शिकवण. वरचंच उदाहरण घेऊन ती तपासू. पाय २७ वर, बॉल साडेविसाव्या बोर्डावर टेकला, नजर १६ व्या बोर्डावर. १५ फुटांत साडेचार बोर्ड उजवीकडे. ४२ फुटांवर बॉल ७.९ व्या बोर्डावर. म्हणजे वळणबिंदू जवळजवळ एक बोर्ड बाहेर गेला आणि कोन वाढला. हाउस पॅटर्नवर कडेला कोरडं असतं, त्यामुळे हे चालून जातं. सपाट तेलावर हाच बोर्ड महाग पडतो.

वळणबिंदू जिथे आहे तिथेच ठेवायचा असेल तर 'पाय तीन, नजर दोन'. पाय २८, टेकणं साडेएकविसावर, नजर १७ वर. हिशोब केला तर ४२ फुटांवर ८.९. हलला नाही म्हटलं तरी चालेल. आणि पाय व नजर सारखेच सरकवले, दोन-दोन, तर वळणबिंदूही दोन बोर्ड आत येतो आणि कोन तोच राहतो. कडेला तेल पसरून बॉल परत येईनासा झाला की ही चाल उपयोगी. या तिन्ही चाली वहीत लिहून ठेवाव्यात, कारण सामन्यात डोकं एवढं गणित करत नाही.

दोन वेळा सरकूनही तेच होत असेल, तर तिसऱ्यांदा सरकण्याऐवजी बॉल बदला. नजर चौथ्या-पाचव्या बाणावर गेल्यावर बॉलला फार बोर्ड ओलांडावे लागतात, आणि तेवढी फिरकी नसलेल्या हाताला ते पेलत नाही.

पिना काय सांगतात

पिनांचे नंबर पुढून मागे आणि प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे मोजतात. पॉकेटमध्ये बरोबर शिरलेला बॉल स्वतः चारच पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या पिना एकमेकींना पाडतात. यातली कडी कुठे तुटली, ते उरलेल्या पिनेवरून ओळखता येतं.

५ नंबरची पिन उरली तर बॉल ढकलला गेला, त्यात दम नव्हता. ४ नंबरची, किंवा ४ आणि ९ उरल्या, तर बॉल पॉकेटच्या डावीकडे लागला. एकटी ९ उरली तर तो फार तिरका शिरला. २-८-१० उरल्या तर तो पॉकेटपर्यंत पुरता पोचलाच नाही, उजवीकडेच राहिला.

सर्वांत जास्त छळणारी १० नंबरची पिन. तिच्यापुढची ६ नंबरची पिन कशी गेली ते बघा. ती १० च्या मानेभोवतून उडत गेली, तर बॉलमध्ये ताकद आहे, कोन किंचित चुकला. उभं राहण्याची जागा दोन-तीन इंच मागेपुढे करून बघा, रेषा बदलू नका. ६ नंबरची पिन गटरमध्ये नुसतीच आडवी पडली, तर आघात लुळा होता. पण लुळेपणाची कारणं दोन आणि त्यांचे उपाय परस्परविरुद्ध, म्हणून इथे घाई नको. बॉल ५० व्या फुटालाच वळून सरळ झाला होता? मग त्याने ताकद आधीच खर्च केली: डावीकडे, जास्त तेलात सरका किंवा चकचकीत बॉल घ्या. तो पिनांपाशीही अजून वळतच होता? मग उशीर झाला: उजवीकडे या किंवा जास्त खरखरीत बॉल घ्या. पिनांकडे बघून हे कळत नाही, शेवटच्या वीस फुटांकडे बघूनच कळतं.

बॉलमधलं तेल

खेळ संपल्यावर बॉल कोमट असतो आणि शोषलेलं तेल अजून वरच्या थरात असतं. त्याच वेळी क्लीनर मारून मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा. घरी जाऊन पुसलं तर ते आत गेलेलं असतं. पन्नास-साठ गेमनंतर नुसतं पुसणं पुरत नाही. बोटांची भोकं जलरोधक टेपने बंद करून बॉल कोमट पाण्यात, थोडा भांडी धुण्याचा साबण घालून, वीस मिनिटं ठेवा. पाण्यावर तवंग येतो. काढून पुसा, पाणी बदलून पुन्हा, तवंग येणं थांबेपर्यंत. पाणी हाताला सहज सोसवेल एवढंच गरम हवं. ओव्हन, हेअर ड्रायर, उन्हात तापलेली गाडी यांपासून बॉल लांब ठेवा. आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळ्या गतीने तापतात आणि बॉलला भेग जाते. ती भरून निघत नाही.

तेल काढल्यावर सरफेस पुन्हा मारून घ्यावा लागतो, नाहीतर अर्धंच काम झालं.

आणि स्पेअर

स्पेअर म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडणं. एवढं सगळं ऐकल्यावर उरलेल्या एकट्या १० नंबरच्या पिनेवरही लोक तोच रिॲक्टिव्ह बॉल फेकतात आणि तेलाचा अंदाज चुकून तो तिच्या डावीकडून जातो. त्यासाठी प्लास्टिकचा बॉल ठेवा, भरपूर चकचकीत. डाव्या बाजूला उभं राहून लेन तिरकी कापायची, मधल्या दाट तेलावरून. त्याला कोरड्या भागातही फारशी पकड मिळत नाही, त्यामुळे पहिल्या गेममध्ये जिथून टाकला तिथूनच तो शेवटच्या गेममध्येही टाकता येतो.